दोन जंगलांच्या मधली जमीन

वऱ्हाडात एखादा महामार्ग रुंद करायचा असला, रेल्वेचा रूळ बदलायचा असला किंवा औद्योगिक वसाहतीसाठी जमीन घ्यायची असली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: वाघासाठी मेळघाट राखून ठेवलेला आहे, बिबट्यासाठी पोहरा-मालखेडचे जंगल आहे, तेव्हा या दोहोंच्या मधल्या शेतशिवारात वन्यजीवांचा ‘भ्रमणमार्ग’ म्हणजेच कॉरिडॉर दाखवणे ही निव्वळ नकाशावरची कल्पना आहे आणि तिच्यापायी हाडामांसाच्या माणसांची कामे अडवली जात आहेत. हा युक्तिवाद करणारे सारेच स्वार्थी नाहीत. धड रस्ता नसल्याने वेळेवर दवाखाना गाठता न येणाऱ्या गावांची माणसेही त्यांत आहेत, आणि म्हणूनच त्याला नुसत्या निषेधाने उत्तर देता येत नाही. युक्तिवाद चुकीचाच आहे. परंतु तो का चुकीचा आहे हे शोधू लागले की भ्रमणमार्गांच्या समर्थकांनाही स्वतःची मांडणी मुळापासून तपासावी लागेल, असे दिसू लागते.

या वादाचे ठळक उदाहरण अकोला-खंडवा रेल्वेमार्गाचे आहे. मीटरगेजचा हा जुना मार्ग अकोटच्या पुढे वान अभयारण्यातून, म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या आतून, धूळघाटाची वळणे चढत जात असे. ब्रॉडगेज करताना तोच मार्ग ठेवावा असा रेल्वेचा आग्रह होता, तर हिवरखेड, सोनाळा, जामोद अशा बाहेरच्या आखणीने तो न्यावा असे वन्यजीव कार्यकर्ते सांगत होते. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून हीच मागणी केली. बाहेरच्या आखणीवर तेल्हारा, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांतील मोठी, बाजारपेठ असलेली गावे येतात, तर आतल्या मार्गावर जंगल आणि तुरळक वस्ती होती, ही गोष्ट या वादात पुरेशा जोराने मांडली गेली नाही. माणूस की वाघ अशी निवड मुळात तिथे नव्हतीच, कारण वाघाची वाट मोकळी ठेवणारी आखणी अधिक माणसांच्या दाराशी रेल्वे नेणारी होती.

भ्रमणमार्गाला कायद्याचा आधार नाही, हेही खरे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण निर्माण केले आणि व्याघ्र प्रकल्पांना परस्परांशी जोडणारे भूभाग पर्यावरणाला न पेलणाऱ्या कामांसाठी वळवले जाऊ नयेत याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१४ मध्ये देशातील ३२ प्रमुख भ्रमणमार्गांचा अहवाल काढला, त्यातील वाटा ‘किमान अडथळ्याच्या मार्गा’ने काढल्या आहेत, म्हणजे जंगल, शेती, रस्ता, वस्ती अशा प्रत्येक भूभागाला वाघाला तो ओलांडायला किती कठीण जाईल याचे मूल्य देऊन, संगणकाने सर्वांत कमी कष्टाची वाट शोधली आहे. ही पद्धत उपयुक्त आहे, पण तिच्यातून मिळते ती एक रेघ, आणि प्रशासनाच्या हाती रेघ पडली की रेघेबाहेरचे सारे मोकळे असा अर्थ निघतो. भ्रमणमार्ग कल्पित आहे असे म्हणणारे आणि तो या रेघेवरच आहे असे म्हणणारे, दोघेही वाघ प्रत्यक्षात कसा चालतो हे विसरतात.

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली. तो महाराष्ट्रातील अनेक जिल्हे आणि तेलंगणाचा काही भाग पालथा घालत सुमारे नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरहून अधिक चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. पुढे २०२१ मध्ये त्याची नोंद गौताळा अभयारण्यात झाली. या वाटेची आखणी आधी कुणीही केलेली नव्हती. दिवसा नाल्यातल्या झुडपांत पडून राहायचे आणि रात्री कपाशी-तुरीच्या शेतांतून चालायचे, असा तो प्रवास होता, आणि त्यात माणसाला इजा झाल्याची घटना एखादीच. याउलट ऑक्टोबर २०१८ मध्ये चंद्रपूरकडून निघालेल्या एका वाघाने अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे तालुक्यात दोन माणसांचा बळी घेतला आणि तो पुढे मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात गेला, जिथे त्याला पकडण्यात आले. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात, कारण पहिलीच सांगितली तर धामणगावच्या त्या दोन घरांवर अन्याय होतो आणि दुसरीच सांगितली तर विचार करणेच थांबते.

भ्रमणमार्गाच्या कल्पनेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र कंत्राटदारांनी किंवा पुढाऱ्यांनी घेतलेला नाही. तो डॅनियल सिंबरलॉफ या अमेरिकन परिस्थितीशास्त्रज्ञाने घेतला, आणि वऱ्हाडातल्या चर्चेत तो कधीच येत नसल्यामुळे इथे त्याचा विस्ताराने विचार करायला हवा. या कथेची सुरुवात १९६७ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी मांडलेल्या बेटांच्या सिद्धांतापासून होते. बेटावर किती जाती टिकतील हे त्याच्या आकारावर आणि मुख्य भूमीपासूनच्या अंतरावर अवलंबून असते, असे त्यांनी दाखवले. विल्सनचा विद्यार्थी असलेल्या सिंबरलॉफने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील खारफुटीच्या लहान बेटांवरचे कीटक विषारी धुराने संपवले आणि ती बेटे पुन्हा कशी भरत जातात हे मोजून सिद्धांताला प्रयोगाचे बळ दिले. पुढे अभयारण्ये म्हणजे शेतीच्या समुद्रातली बेटे आणि बेटे जोडली की जाती वाचतील, हे सूत्र जगभर रूढ झाले, तेव्हा त्याविरुद्ध उभा राहिला तो हाच सिंबरलॉफ. १९८७ मध्ये जेम्स कॉक्स यांच्यासह आणि पुन्हा १९९२ मध्ये आणखी सहकाऱ्यांसह त्याने विचारले: प्राणी या पट्ट्यांचा वापर करतात याचा पुरावा कुठे आहे? याच वाटेने रोगराई, वणवा, परके तण आणि शिकारी पसरणार नाहीत कशावरून? आणि पुलांवर व पट्ट्यांवर खर्च होणाऱ्या पैशात एखादे मोठे, सलग जंगल विकत घेता आले असते तर?

पहिल्या प्रश्नाला काळाने बरेच उत्तर दिले आहे. विष्ठेतील डीएनए तपासून २०१३ मध्ये आदित्य जोशी, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातील वाघांमध्ये सुमारे ६५० किलोमीटरपर्यंतच्या अंतराचे नाते असल्याचे दाखवले. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचजवळ बांधलेल्या भुयारी मार्गांतून वाघ ये-जा करतात हे २०१९ मधील स्वयंचलित कॅमेऱ्यांनी नोंदवले. दुसऱ्या प्रश्नाचे भय पूर्ण गेलेले नाही, कारण गावकुत्र्यांमधून पसरणारा डिस्टेंपरसारखा रोग मांसभक्षकांपर्यंत पोचू शकतो. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र भ्रमणमार्गाच्या कोणत्याही प्रामाणिक समर्थकाला थांबावे लागते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर वन्यजीवांसाठी भुयारी व उन्नत मार्ग बांधले गेले आणि ते बांधणे आवश्यकच होते, पण रस्त्याने केलेल्या जखमेवरचा तो उपचार आहे. भ्रमणमार्ग निर्माण झाल्याचा तो दाखला नव्हे. पुलाखालून निघालेल्या प्राण्याला पलीकडे नाला, गवत किंवा झुडूप मिळाले नाही तर पूल निरुपयोगी ठरतो, आणि पलीकडच्या त्या जमिनीसाठी अंदाजपत्रकात एक रुपयाही नसतो. महामार्ग ज्या कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याजवळून जातो त्याचे क्षेत्र अवघे १८ चौरस किलोमीटर आहे. तिथले काळवीट अभयारण्याच्या सीमा पाळत नाहीत, ते भोवतालच्या शेतांवर आणि पडीक जमिनींवरच जगतात.

म्हणजे सिंबरलॉफचा आक्षेप पट्ट्याला लागू पडतो, जोडणीला नाही. १९८७ मध्येच रीड नॉस यांनी त्याला उत्तर देताना प्रत्यक्ष भूप्रदेशाकडे पाहा असे सुचवले होते, आणि वऱ्हाडाचा भूप्रदेश पाहिला की हे उत्तर इथे अधिकच पटते, कारण इथे दोन जंगलांना जोडणारे तिसरे जंगल बहुतेक ठिकाणी नाहीच. जोडणी आहे ती नाल्यांनी, धुऱ्यांवरच्या बाभळी-बोरींनी, दोन्ही अंगांना झाडोरा असलेल्या पांदण रस्त्यांनी, आणि ज्यांना महसुली दप्तरात ‘ई-क्लास’ म्हणतात त्या गावचराईच्या सरकारी जमिनींनी. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या झुडपी जंगलाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निर्णय देऊन ती जमीन कायद्याच्या दृष्टीने वन असल्याचे स्पष्ट केले. वऱ्हाडातील ई-क्लासला असे कवच नाही. ती ना वन, ना शेत. उपग्रहाच्या आधारे तयार होणाऱ्या पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ व झुडपी प्रदेश ‘पडीक’ म्हणून रंगवले जातात आणि ज्याला ज्याला जमीन हवी त्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. लांडगा, खोकड, काळवीट आणि २०२१ पासून जगभरच्या अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत असलेला तणमोर यांचे खरे घर हीच ‘पडीक’ जमीन आहे.

ही जमीन राखणारी माणसे कोण आहेत, हा प्रश्न इथून पुढे टाळता येत नाही. मेळघाटासाठी न्यायालयात, मंत्रालयात आणि वर्तमानपत्रांत लढणारी पिढी अमरावतीने दिली. किशोर रिठे आणि त्यांचे सातपुडा फाउंडेशन हे त्यातले सर्वपरिचित नाव. त्या लढ्यांशिवाय मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प आज ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत उरला नसता. परंतु जंगलाच्या आतली लढाई एका मोठ्या सरकारी खात्याशी असते आणि मधल्या जमिनीची लढाई शेकडो गावांत विखुरलेली असते; तिथे कार्यकर्ता पुरत नाही, तिथे शेजारी लागतो. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारधी समाजाबरोबर गवताळ माळ राखण्याचे जे काम उभे केले, त्याचे महत्त्व इथे आहे. ज्या समाजाला १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवले, ज्याला १९५२ मध्ये त्या शिक्क्यातून कागदोपत्री मुक्त केले, आणि वन्यजीव कायद्याने ज्याचा परंपरागत व्यवसाय पुन्हा गुन्हा ठरला, त्याच समाजातील माणसे तणमोर कोणत्या गवतात उतरतो आणि चराई केव्हा थांबवायची हे जाणतात. कैलाश मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये वैदू, नंदीवाले आणि फासेपारधी यांच्या शिकारीच्या पद्धतींचा अभ्यास करून दाखवले होते की प्रत्येक समाजाची साधने आणि सावजे वेगळी होती. ते ज्ञान संवर्धनाच्या कामी लावता येते हे माळावरच्या या कामाने सिद्ध केले.

अचलपूर तालुक्यातील पायविहीर गावानेही हेच वेगळ्या कायद्याच्या आधाराने केले. वनहक्क अधिनियमाखाली मिळालेल्या सामूहिक वनहक्काच्या बळावर, ‘खोज’ या संस्थेच्या साथीने, ग्रामसभेने मेळघाटाच्या पायथ्याचे उजाड वन पुन्हा उभे केले आणि तिथली सीताफळे बाजारात नेली. २०१४ मध्ये या गावाला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. याच काळात व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोट तालुक्यात वसवलेल्या काही गावांतील लोक, दिलेली आश्वासने पाळली गेली नाहीत म्हणून जंगलात परतले आणि जानेवारी २०१९ मध्ये वनकर्मचारी व पोलीस यांच्याशी त्यांचा संघर्ष झाला. जंगल राखण्यासाठी माणूस हलवणे हाच एक मार्ग आहे असे मानणाऱ्यांनी पायविहीर आणि ही पुनर्वसित गावे यांच्याकडे एकाच वेळी पाहावे.

स्थानिक माणूस जन्मतःच निसर्गरक्षक असतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. २०१३ मध्ये उघडकीस आलेल्या मेळघाटातील वाघांच्या शिकारीने बाहेरच्या टोळ्या किती आत येऊ शकतात हे दाखवले, आणि रोही व रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी धुऱ्याभोवती सोडलेल्या जिवंत वीजतारेने वाघ आणि माणूस दोघेही मरतात. पण ती तार सोडणारा शेतकरी क्रूर नसतो. सोयाबीन हातचे गेले की त्याचे वर्ष जाते. जागलीला बसून डोळ्याला डोळा लागत नाही. आणि कृषिपंपाला वीज रात्रीची मिळाली की ओलितासाठी त्याला नेमक्या त्याच वेळी शेतात जावे लागते ज्या वेळी बिबट्या हिंडतो. शेतीला दिवसा वीज देणे हा संवर्धनाचा कार्यक्रम आहे, असे कोणत्याही वन आराखड्यात लिहिलेले दिसत नाही, आणि तरी रात्रीची भेट टाळणारा त्याहून थेट उपाय दुसरा नाही.

इथे एक अवघड गाठ पडते. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. योजना योग्यच आहे, परंतु सौर पॅनेलसाठी जमीन शोधताना सरकारी गायराने आणि ई-क्लास जमिनी पहिल्यांदा पुढे केल्या जातात, त्यांना कुंपण पडते आणि गुराख्याबरोबर काळविटाचीही वाट बंद होते. शेतकऱ्याची रात्र सुरक्षित करणारी योजना त्याच गावचे गवत घेऊन जाते. गायरानांचा वापर इतर कामांसाठी करू नये असे राज्य शासनाने १२ जुलै २०११ च्या निर्णयात म्हटले आहे आणि त्याच वर्षी जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींचे महत्त्व अधोरेखित केले आहे. तरीही सार्वजनिक प्रयोजनाच्या अपवादातून जमिनी जातात. पॅनेल कालव्यांच्या काठांवर, गोदामांच्या छपरांवर आणि औद्योगिक वसाहतींच्या रिकाम्या भूखंडांवर आधी बसवावेत, ही मागणी शेतकरी संघटना आणि वन्यजीव संस्था यांनी एकत्र करायला हवी होती. आजवर दोघांनी एकमेकांना प्रतिपक्ष मानले, आणि त्याची किंमत दोघांनीही मोजली.

अमरावती-नागपूर महामार्गालगतच्या नांदगाव पेठचा प्रश्न या चौकटीत पाहावा लागेल. बोर व्याघ्र प्रकल्पाकडून वर्धा नदी ओलांडून येणारा वाघ पोहरा-मालखेडच्या जंगलात टेकतो. तिथून उत्तरेला मोर्शी-वरुडच्या अंगाने महेंद्री आणि सातपुड्याकडे जायचे तर अमरावती-नागपूर महामार्ग आणि त्यालगतचा वाढता औद्योगिक पट्टा त्याला कुठेतरी पार करावाच लागतो. नांदगाव पेठ याच पट्ट्यात आहे: तिथे १,३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, वस्त्रोद्योगांची वसाहत आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये एक हजार एकरांच्या पीएम मित्रा वस्त्रोद्यानाची पायाभरणी झाली आहे. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात कापडाचे कारखाने यावेत ही मागणी न्याय्य आहे आणि ती अडवण्याचे कारण नाही. कारखान्यांच्या मागोमाग येणारी गोदामे, अभिन्यास आणि ढाबे कोणत्या नाल्यावर आणि कोणत्या ई-क्लासवर बसतात, हे मात्र कुणीही ठरवत नाही. ते आपोआप घडते, आणि मग पाच-दहा वर्षांनी भ्रमणमार्ग कल्पितच होता असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरते.

ते ठरवण्याचे साधन उपलब्ध आहे. २००२ च्या जैवविविधता अधिनियमाने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही बंधनकारक केली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने घातलेल्या मुदतीच्या धास्तीने २०२० च्या सुमारास या नोंदवह्या घाईघाईत भरल्या गेल्या आणि त्यांतल्या अनेक कपाटबंद झाल्या. पोहऱ्यापासून महेंद्रीपर्यंतच्या प्रत्येक गावाने ती वही पुन्हा उघडून आपले नाले, पांदण, ई-क्लासचे गट क्रमांक आणि तिथे दिसणारे प्राणी यांची नोंद करावी, ती गुराख्यांना आणि जागलकऱ्यांना विचारून करावी, आणि ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकारी, वनविभाग व औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडे द्यावी. वस्त्रोद्यानाभोवतीच्या जमिनींचे व्यवहार आज चालू आहेत, त्यामुळे ही नोंद येत्या उन्हाळ्यापर्यंत, नाल्यांवर भराव पडण्याआधी, व्हायला हवी.