जळालेल्या मोटारीचं पत्रक

तात्यांनी पत्रकाचा नमुना चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "म्हणजे लोकांच्या मोटारी जळाव्यात, असं छापून वाटणार तर तू."

मंचरजवळ माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आंबेगावातल्या आणि जुन्नरच्या खालच्या गावांतल्या विहिरींवरच्या, बोअरच्या मोटारी येतात. पाच आणि साडेसात एचपीच्या जास्त. आसपास नवी दुकानं झाली, म्हणून पत्रकं काढायचं ठरवलं. पेपरवाला पहाटे अंकात घालून देणार होता, उरलेली आठवडे बाजारात वाटायची. मजकूर भाच्यानं मोबाइलवर जुळवला होता : 'मोटार जळाली? चिंता नको! एका दिवसात रिवाइंडिंग.' तात्या माळकरी. त्यांनी बोट ठेवलं ते 'जळाली'वर.

बीएला माझं तत्त्वज्ञान होतं (आयटीआय नंतर, पोटासाठी), त्यामुळे हा खटला जुना आहे हे मला ठाऊक होतं. सेनेकानं तो सांगितला आहे. अथेन्समध्ये अंत्यविधीचं सामान विकणाऱ्या एकाला डेमाडीसनं दोषी ठरवायला लावलं. आरोप एवढाच, की त्यानं मोठ्या नफ्याची प्रार्थना केली, आणि पुष्कळ माणसं मेल्याशिवाय तो नफा व्हायचा नव्हता. पुढे फ्रान्समध्ये मॉन्तेननं 1580 साली छापलेल्या आपल्या निबंधांत यावर जेमतेम पानभर लिहिलं. त्याला हा निवाडा पटला नाही. असं धरलं तर सुटणार कोण, असं तो विचारतो. धान्य महागलं की शेतकऱ्याचं भागतं, घरं ढासळली की बांधणाऱ्याचं, भांडणं झाली की कोर्टातल्यांचं. धर्मोपदेशकाचा मानसुद्धा आपल्या मरणावर आणि पापांवर उभा असतो.

हे शेवटचं मी तात्यांना मुद्दाम सांगितलं, कारण दशक्रियेचं एकही प्रवचन ते चुकवत नाहीत. आमच्या भागात दहाव्याला घाटावर मांडव पडतो, बुवा येतात, पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या होतात आणि बुवांच्या हाती पाकीट जातं. तात्या रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बुवा येतात, कारण बोलावलेलं असतं. 'कुणी वारलं तर आम्हाला सांगा' असा कागद त्यांनी वाटलेला मी पाहिला नाही."

मी टोमॅटोचं उदाहरण काढलं. 2023 च्या जुलैमध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, जुन्नरच्या काही शेतकऱ्यांची नावं टीव्हीवर झळकली. तो भाव दुसरीकडचे प्लॉट गेल्यामुळेही आला होता. तात्यांचं उत्तर तेच : "खरंय. पण 'दुसरीकडचं पीक जाऊ द्या' असं कुणी छापलं का?"

मॉन्तेन इथं कामाचा उरत नाही. दुसऱ्याच्या नुकसानीतून आपली भाकरी येणं सुटत नाही, हे कबूल. बुद्धानं उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. रिवाइंडिंग त्यात बसत नाही. पण मिळालं ते घेणं आणि हाक घालून बोलावणं यांत तात्या भेद करत होते, आणि तो भेद मला उडवून लावता येईना. माझ्या पत्रकाची वेळ यायची ती वाचणाऱ्याच्या वाईट दिवशी. त्या दिवसासाठी मी त्याला आधीच काय सांगून ठेवावं?

मोटार जळते कशी, ते सांगतो. प्रश्नाचा जीव त्यातच आहे. एक फेज गेला आणि मोटार दोनवर ओढत राहिली की वाइंडिंग तापतं. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि मोटार कोरडी फिरली की आधी बुश जातात. व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते आणि ओव्हरलोड नीट लावलेला नसला तर जळते. पण आमच्याकडचं मोठं कारण निराळं आहे. शेतीची लाइट काही दिवस रात्रीची असते. उसात बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सगळा पट्टा त्याच्याखाली आहे, आणि रात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणं म्हणजे काय, ते पुण्यात बसून कळायचं नाही. म्हणून प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो बसवला. लाइट आली की मोटार आपोआप चालू. आता एका डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्याच मोटारी एका क्षणी उठतात, व्होल्टेज कोसळतं, कधी डीपी जाते, कधी कुणाची मोटार. ऑटो काढा म्हणून वीज कंपनी पुनःपुन्हा सांगते.

यात दोष कोणाचा? ऑटो बसवणाऱ्याचा म्हणावं तर तो जीव वाचवत होता. बिबट्याचा म्हणावं तर त्याला ऊस आम्हीच दिला. कर्म ज्याचं त्याला, असं आपण सहज म्हणतो. डीपीवर मात्र एकाच्या भीतीचं फळ दुसऱ्याच्या वाइंडिंगला मिळतं. आणि त्या साखळीच्या टोकाला तांब्याची तार घेऊन मी बसलेलो.

प्रेसवाल्याला यातलं काही नको होतं. तो म्हणाला, वर ओझरच्या विघ्नहराचा फोटो टाका, देव असला की माणूस कागद फेकत नाही. धंद्याच्या दृष्टीनं सल्ला बरोबर आहे. पण बाजार उठल्यावर पॅम्प्लेटं कुठं असतात ते मी पाहिलंय : चिखलात, टायरखाली, भेळेच्या पुड्याला. देव पायाखाली जाईल ही एक गोष्ट झाली. मला जास्त खटकली ती दुसरी. देवाबद्दलचा धाक वापरून माझा फोन नंबर कुणाच्या तरी घरात टिकवायचा, हे त्या दुसऱ्या पत्रकांच्याच जातीचं होतं. सगळ्यांनी पाहिली आहेत ती : अमुक देवळात नाग प्रकटला, हे पत्रक हजार छापून वाटा, वाटणाऱ्याला धन मिळालं, फाडणाऱ्याचा मुलगा गेला. खाली छापणाऱ्याचं नाव कधीच नसतं. पुढे हेच मोबाइलवर आलं. शिकलेली माणसंही असा कागद फाडत नाहीत, गुपचूप देवळाच्या कट्ट्यावर ठेवून येतात. भीती घालून माणसाला कामाला लावायचं आणि त्याला भक्ती म्हणायचं, याची मला शिसारी येते. आणि माझं 'मोटार जळाली?' तरी दुसरं काय करत होतं?

वाट सापडली ती लेण्याद्रीला. लोक गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन उतरतात. बाजूच्या लेण्यांत फारसं कुणी रेंगाळत नाही. तिथं सातवाहन काळातला एक ब्राह्मी लेख आहे : धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. जुन्नरच्या दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी येते. म्हणजे आमच्यासारखेच, हातावर पोट असलेले धंदेवाले. नाव त्यांनीही कोरलं, आणि नाणेघाटातून येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी ते वाचावं असं त्यांना वाटलं नसेल, हे मी मानणार नाही. दानाला कीर्तीचा वास लागला म्हणून नाक मुरडणारे आहेत. मी मुरडत नाही. ज्याला धान्य घ्यायचंच नाही, त्यालाही त्या टाक्यातलं पाणी मिळत होतं.

मजकूर मी पुन्हा लिहिला. वरचा पाऊण कागद मोटार जळू नये यासाठी : एक फेज गेला की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर बसवा, ओव्हरलोड मोटारीवरच्या अँपिअरप्रमाणे लावा, पाणी तळाला गेलं की मोटार बंद करा, कपॅसिटर लावा. नाव आणि नंबर सगळ्यात खाली. भाचा म्हणाला, मामा, हे वाचून कोण येईल? प्रश्न रास्त आहे. पण ज्या पत्रकाचं ऐकून माणसाला माझी गरज कमी लागते, तेवढंच पत्रक मी तात्यांच्या हातात देऊ शकत होतो. ते त्यांनी घेतलं आणि पोथीत खूण म्हणून घातलं. पसंतीची पावती त्यांच्याकडून एवढीच मिळते.

एक ओळ मात्र अडून बसली. 'ऑटो काढा' हे मला लिहवेना. शेजाऱ्याची मोटार वाचावी म्हणून तू रात्री उसात जा, असं मी कुणाला कोणत्या तोंडानं सांगू? ऑटोला टायमर असतो. एका डीपीवरच्या लोकांनी तो मागेपुढे लावला, एकाची मोटार लगेच, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, तिसऱ्याची चारनं, तर कुणालाच रात्री बाहेर पडावं लागत नाही आणि व्होल्टेजही टिकतं. पण हे एकट्यानं करून भागत नाही. पेपरमधून घरोघर गेलेलं पत्रक इथं कुचकामी, कारण पेपर घरात येतो आणि डीपी सगळ्या शिवाराची असते. म्हणून आता वाटप डीपीवार करतो. एका डीपीवरच्या सगळ्यांना एकाच दिवशी, शक्यतो एकत्र गाठून, आणि कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे मिनिटं लिहून.

जिथं दोन भावांचं बांधावरून बोलणं बंद आहे, तिथं हा कागद चालत नाही. तिथं मोटार बसवायला गेलो की टायमर मीच लावून येतो, आणि दुसऱ्या भावाच्या पेटीलाही हात लावायची परवानगी त्याच्या बायकोकडून घेतो.