परक्याचा जीव

शास्त्रपाठ : निर्गम 23:9



अंबाल्याहून चंडीगडकडे जाणाऱ्या महामार्गावर, पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात, डेराबस्सी नावाचे कारखान्यांचे गाव आहे. आता तेथे महाविद्यालये आणि वसतिगृहेही आहेत. जालन्याच्या आमच्या मंडळीतील एक बंधू आपल्या मुलाला तेथे पोहोचवून आले. मी विचारपूस केली तेव्हा ते म्हणाले, "पाळकसाहेब, खोली बरी आहे, जेवणही बरे आहे. पण फाटकातून वळून पाहिले, तर पोरगा बॅगेचा पट्टा मुठीत धरून तसाच उभा. हातसुद्धा हलवला नाही त्याने." एवढे बोलून ते गप्प झाले. आपल्यापैकी ज्यांनी लेकरांना दूरगावी शिकावयास धाडले आहे, त्यांना या गप्प होण्याचा अर्थ सांगावयास नको.

वर दिलेल्या वचनात परमेश्वर आपल्या लोकांस परक्यावर जुलूम करण्याची मनाई करतो. ही आज्ञा त्याआधी बाविसाव्या अध्यायातही आली आहे. मग ती पुन्हा कशाला? दुसऱ्या वेळी तिच्यात एका कारणाची भर पडते. परक्याच्या अंतरी काय चालते हे इस्राएलास ठाऊक आहे, कारण मिसरात तो स्वतः परका होता. आपण येथे 'मन' म्हणतो, पण मूळ इब्री शब्द 'नेफेश' असा आहे. जीव, श्वास, प्रसंगी कंठ असेही त्याचे अर्थ होतात. अनोळखी खोलीत पहिल्या रात्री दिवा मालवल्यावर घशाशी जे दाटून येते, ते देवाला ठाऊक आहे आणि तुम्हांलाही ठाऊक असले पाहिजे, असे तो म्हणतो.

परंतु सोसलेल्या दुःखाचे नेहमीच दयेत रूपांतर होते असे नाही. विटा थापणाऱ्याच्या हाती एक दिवस मुकादमाची छडी येते, आणि आपल्या पाठीवरचे वळ तो दुसऱ्याच्या पाठीवर मोजू लागतो. "आम्ही सोसले, आता यांनी सोसावे," हे वसतिगृहांतील जुने शास्त्र आहे. ते सांगणारा बहुधा दुष्ट नसतो; गेल्या वर्षी तोच रडलेला असतो. मी स्वतः दुसऱ्या वर्षाला असताना एका नवागताला मध्यरात्री व्हरांड्यात उभे करून त्याच्या बोलीची थट्टा चालली होती. मी त्याच्यावर हात उगारला नाही, हसलोही नाही. दाराआडून पाहिले आणि आत जाऊन कडी लावली. त्या रात्री मी प्रार्थना करूनच निजलो होतो, हे आठवले की आजही मान खाली जाते.

पुढे काय होऊ शकते ते आपल्या देशाने पाहिले आहे. 8 मार्च 2009 रोजी हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी अमन काचरू ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या मारहाणीनंतर मृत्यू पावला. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 मध्येच झाला होता. अमनच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व देशासाठी नियम केले. त्यांतील शिक्षेची कलमे सर्वांना माहीत असतात. पण त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे : स्वेच्छेने पुढे येणाऱ्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांचे मंडळ असावे आणि दर सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक असावा. सहांमागे एक! आयोगाने हे शास्त्र वाचून लिहिले नसेल, पण आमच्या युवक संघांना जे सुचावयास हवे होते ते सरकारी कागदाने सांगितले, याची मला थोडी लाज वाटते.

प्रेषितांच्या नवव्या अध्यायात यरुशलेमेस आलेल्या शौलाला सारे शिष्य भीत होते. बर्णबाने त्याला सोबत घेतले आणि प्रेषितांकडे नेले. त्याने काही मोठे भाषण केले असे नाही. ज्याला कोणी जवळ करीत नव्हते त्याच्या बाजूने तो उभा राहिला. वसतिगृहातील बर्णबाचे कामही असेच साधे असते. पाणी किती वाजता येते ते सांगावे, पहिल्या आठवड्यात भोजनगृहात त्याच्या शेजारी बसावे, चुकलेल्या तासाची वही द्यावी, तो जेवावयास आला नाही तर दार ठोठवावे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एकाकी मुलाचे मन मऊ झालेले असते, आणि मऊ मातीवर ठसा लवकर उमटतो. वही देणारा हात दुसऱ्या दिवशी पत्रिका पुढे करू लागला, तर त्या मुलाला 'नाही' म्हणण्याची मोकळीक उरते का? हा प्रश्न आपल्या मराठी मंडळीला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास गेले. तेथील मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन येऊन बसत. त्यावरून वादळ उठले आणि 1893 मध्ये सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदींनी राजीनामे दिले. टीकाकारांची शंका मला निव्वळ द्वेषाची वाटत नाही. आश्रितांच्या मोकळिकीची काळजी तीत होती. तरी रमाबाईंचे दार लावून घेणेही खरे ठरले नसते. विश्वास लपवू नये आणि त्याचा गळही करू नये. दार उघडे असावे ते आत येण्यास, तसेच बाहेर जाण्यासही. जो कधीच प्रार्थनेला येणार नाही, त्याचेही दार तितक्याच वेळा ठोठवावे.

पालकांनो, निघताना आपण मुलांना सांगतो, "सहन कर, क्षमा कर." हा उपदेश अपुरा आहे. क्षमा करणे म्हणजे अपराध झाकणे नव्हे. छळ झाला तर वसतिगृहप्रमुखांना सांगणे, राष्ट्रीय मदतवाहिनीला 1800-180-5522 या क्रमांकावर कळविणे, यात अविश्वास नाही. मार्गदर्शक विद्यार्थ्यानेही हे ओझे एकट्याने गुपित म्हणून वाहू नये. नवागताचा हात धरून त्याने त्याच्याबरोबर तक्रार करण्यास जावे. आणि मुलगा दुसऱ्या वर्षाला गेला की त्याला एक प्रश्न अवश्य विचारा : "तुझ्या मजल्यावर यंदा नवीन कोण आले?" गुणांची चौकशी आपण करतोच.

तो जालन्याचा मुलगा उन्हाळ्याच्या सुटीत घरी आला होता. पहिल्या रात्री केरळचा एक तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी बादली घेऊन त्याच्या दाराशी आला, असे त्याने सांगितले. "सकाळी सहानंतर नळ जातो, आत्ताच भरून ठेव," एवढेच तो बोलला. तो ख्रिस्ती आहे हे याला तीन आठवड्यांनी, एका रविवारी, कळले.

आता हा स्वतः दुसऱ्या वर्षाला आहे. परभणीची दोन मुले येणार असल्याचे त्याला कळले, म्हणून त्यांना उतरवून घ्यावयास तो अंबाला छावणीच्या स्टेशनावर जाणार होता. मुले आपल्या मंडळीची नाहीत. निघण्यापूर्वी त्याने आईकडे शेंगदाण्याच्या चटणीचे दोन डबे जास्तीचे मागून घेतले.