सुखाची शिल्लक

श्रीदत्तजयंतीच्या अंकात ग्रीकांचं काय काम, असं कोणी विचारील. पण सुखी कोणाला म्हणावं, हा प्रश्न त्या लोकांनाही आपल्याइतकाच छळत होता.

हेरोडोटसने सांगितलेली कथा आहे. लिडियाचा राजा क्रीसस अफाट श्रीमंत. अथेन्सचा सोलोन पाहुणा आला, तेव्हा राजाने त्याला खजिना दाखवून विचारले, सर्वांत सुखी कोण? सोलोनने नाव घेतले टेलस नावाच्या एका अथेन्सकराचे. मुले गुणी, नातवंडे डोळ्यांदेखत वाढलेली, मरण आपल्या नगरासाठी लढताना. राजा चिडला. मग सोलोनने हिशेबच मांडला: आयुष्य ७० वर्षांचे, अधिक महिने धरून २६,२५० दिवस, एक दिवस दुसऱ्यासारखा नाही. तेव्हा शेवट पाहिल्याशिवाय कोणाला सुखी म्हणू नये. (बँकेतली सवय, म्हणून मी बेरीज तपासली. एक वर्षाआड अधिक महिना धरल्यामुळे जवळजवळ ६८० दिवस जास्त भरतात! मुद्दा काही बिघडत नाही.) पुढे इराणच्या सायरसने क्रीससचे राज्य घेतले, तेव्हा त्याला सोलोन आठवला.

पटतं, पण पुरतं नाही. माणूस गेल्यावर सुखाची शिल्लक काढून ती द्यायची कोणाच्या हाती? नेमके हेच ॲरिस्टॉटलला (इ.स.पू. ३८४–३२२) खटकले. त्याच्या लेखी सुख म्हणजे शिल्लक नव्हे, चालू व्यवहार. सद्गुणाने वागत राहणे, तेही आयुष्यभर. वाईट दिवस आले तर? जोडे शिवणारा कुशल कारागीर मिळेल त्या चामड्यातून होईल तितका चांगला जोडा करतो. चांगला माणूस मिळालेल्या दिवसांचं तसंच करतो.

इथे मला अवधूताने यदुराजाला सांगितलेल्या चोवीस गुरूंतला बाण करणारा आठवला. राजाची स्वारी शेजारून गेली तरी त्याला पत्ता नाही. तिथला धडा एकाग्रतेचा, हा वेगळा. पण माणूस हातातल्या कामावरून ओळखायचा, हे दोन्हीकडे आहे.

आमच्या आळीत एक गृहस्थ आहेत. तीस वर्षे काकडआरती चुकवली नाही. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. भेटायला येणारे खोलीबाहेर पडले की कुजबुजतात, "एवढी सेवा केली, मिळालं काय?" जणू महाराजांकडे मुदत ठेव ठेवली होती! ते डाव्या हाताने देवळासाठी वाती वळतात. वाकड्या होतात, पण रोज वळतात.

तरी ॲरिस्टॉटल त्यांना पूर्ण सुखी म्हणाला नसता. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, त्याच्यासारखे घाव बसले तर चांगला माणूस दीन होणार नाही, पण त्याला धन्यही म्हणता येणार नाही, असे तो स्पष्ट सांगतो. चांगल्या जगण्याला थोडी बाहेरची साथही लागते. नंतरच्या स्टोइकांना हे मान्य नव्हते. सद्गुण एवढाच पुरे, असे त्यांचे मत. मला ॲरिस्टॉटल अधिक प्रामाणिक वाटतो. आपण "प्रारब्ध, दुसरं काय" म्हणतो आणि चपला घालून निघतो. त्या गृहस्थांना उठवून बसवायला दोन माणसं लागतात, आणि घरात सून एकटी आहे.