गेटवरची झडती

आमच्या इमारतीत प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही, नोटाच येतात. नोकरीभर त्यांनी सुटताना झडती दिली. त्याचा त्यांना राग नाही. "नोटा छापायच्या तर झडती होणारच," म्हणतात.

दहावीची सुट्टी लागलेला भाचा आमच्याकडे आलाय. त्याने घरच्या कॉम्प्युटरवर नेमबाजीचा ऑनलाइन खेळ टाकला आणि खेळाबरोबर एक पहारेकरीही घरात आला. काम एकच, चीटर पकडणं. भिंतीआडचा शत्रू दाखवणारी, आपोआप नेम धरणारी सॉफ्टवेअर विकत मिळतात. असा एकजण घुसला की बाकीच्यांच्या संध्याकाळीचं मातेरं. "मामा, तुला नाही कळणार," भाचा म्हणतो. कळतं की! सरळ खेळणाऱ्याची तक्रार रास्तच आहे.

प्रश्न पहारेकरी बसतो कुठे, हा आहे. २०२० मध्ये आलेल्या 'व्हॅलोरंट' या खेळाचा पहारेकरी 'व्हॅनगार्ड' विंडोजच्या कर्नलमध्ये बसतो, म्हणजे जिथून सगळं यंत्र हलतं तिथे. कॉम्प्युटर सुरू झाला की तो जागा, मग खेळ उघडा वा न उघडा. चीटिंगची सॉफ्टवेअर तितक्याच खोल शिरलेली असतात, म्हणून आम्हालाही शिरावं लागतं, असं कंपन्या सांगतात. तेही खोटं नाही. व्हॅनगार्डने कुणाचं काही चोरलं असा माझा आरोपही नाही. पण २०१३ मध्ये अमेरिकेतल्या 'ईएसईए' या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीच्या पहारेकरी सॉफ्टवेअरमधून आतल्याच माणसाने सुमारे १४,००० कॉम्प्युटर गुपचूप बिटकॉइन काढायला जुंपले होते. आणि २०२२ मध्ये 'गेनशिन इम्पॅक्ट' या खेळाचा चीटिंगविरोधी ड्रायव्हर खंडणीखोर रॅन्समवेअरवाल्यांनी उचलला. त्यावर वैध सही होती, म्हणून विंडोजने त्याला आत घेतलं. त्याच्या जोरावर त्यांनी अँटिव्हायरस बंद पाडला. त्यासाठी त्या कॉम्प्युटरवर तो खेळ असण्याचीही गरज नव्हती.

'मान्य आहे' हे बटण भाच्याने दाबलं. वय सोळा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती मागतो. पण त्याच कॉम्प्युटरवर त्याच्या आजीचे पेन्शनचे कागद आहेत, माझं आयकराचं विवरणपत्र आहे. पहारेकरी ते वाचतो असं नाही. वाचू शकेल अशा जागी बसलाय. आजी या घरात राहते हे त्या बटणाच्या गावीही नाही.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "झडती आम्हीही दिली. पण प्रेसच्या गेटवर. घरी मी बनियनवर बसायचो."

खेळालाही गेट असतं, कंपनीचा सर्व्हर. भिंतीआडचा शत्रू कुठे आहे हे सर्व्हरने खेळाडूच्या कॉम्प्युटरला वेळेआधी कळवलंच नाही, तर चोरून बघणार काय? व्हॅलोरंटमध्येही ही सोय आहे. आपोआप नेम धरणारा मात्र त्यातून सुटतो, हे भाच्याने लगेच दाखवून दिलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तूर्त आजीचे कागद पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवलेत. "माझेच का हलवले?" तिने विचारलं.