माळकऱ्याच्या घरी ठासणीची बंदूक

सुलतानपूर हे बुलढाणा जिल्ह्यातले, लोणार तालुक्यातले गाव. लोणारहून मेहकरास जाताना वाटेत लागते. श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरीहून शेगावास परतते ती याच मुलुखातून. घरोघरी माळकरी, एकादशी सोडणारा विरळा. अशा या भागातल्या एका वृद्ध वारकऱ्याने विचारलेला प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो, कारण तो एकट्याचा नाही.

ते म्हणतात, “आम्ही आषाढीला निघतो तेव्हाच वावरात सोयाबीन उगवून वर येते. कोंब दोन पानांवर आला की रात्री रोही येतात, मागून डुकरे येतात, राहिलेले ससे कुरतडतात. पोरगा म्हणतो, बाबा, तुम्ही माळ घालून पंढरीला जा, मागे राखण मी करतो. पण मला स्वस्तातली एक ठासणीची बंदूक घेऊन द्या. आणि हसून वर म्हणतो, रोही नाही सापडला तर ससा-तित्तर तर होईल! तर माउली, माळकऱ्याच्या घरी बंदूक यावी काय?”

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात दोन प्रश्न गुंतले आहेत. पोराचे पहिले वाक्य वेगळे आहे आणि हसून बोललेले दुसरे वाक्य वेगळे आहे. पहिल्याचे उत्तर देणे कठीण. दुसऱ्याचे सोपे, पण तेच ऐकायला जड.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक. नळीत मोजून दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. मागे बोंडीवर टोपी बसवायची, घोडा ओढायचा, चाप दाबायचा. बार एकच. तो चुकला की पुन्हा सगळी ठासाठास, तोवर ससा दुसऱ्या शिवारात. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. शंभर भागांत सुमारे पंचाहत्तर भाग सोराच. नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीसारखे आटे तीत नसतात, म्हणून छर्रा दूरवर नेमका जात नाही. काडतुसाच्या बंदुकीपेक्षा ही स्वस्त, म्हणून गरीब शेतकऱ्याची नजर तिच्यावर जाते. कोकणातही ती पिढ्यान् पिढ्या घरोघरी दिसे.

कायदाही तिला ओळखतो. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा करून या देशातल्या माणसाचे हात मोकळे केले ते केलेच. स्वराज्यात १९५९ साली नवा कायदा झाला. त्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचे नाव घेऊन सांगितले आहे की चौकशीत आडकाठी नसेल तर नागरिकास तिचा परवाना द्यावा. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे शिक्षणही अर्जदाराने घ्यावे लागते. एकवीस वर्षांखालच्या पोराच्या नावाने असा परवाना निघत नाही. म्हणजे सरकारदरबारी पोराचे पहिले वाक्य चालण्यासारखे आहे.

दुसरे चालण्यासारखे नाही. १९७२ साली वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा झाला, तेव्हा त्यात लहान शिकारीचा वेगळा परवाना असे; ससा, तित्तर हे त्या लहान शिकारीतले. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. आज ससा मारणे हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा आणि एक लाखापर्यंत दंडाचा. पिकास उपद्रव देणाऱ्या रोही-डुकरांपुरती वनखात्याकडून परवानगी मागण्याची सोय आहे, तीही अर्ज करून, अटी पाळून. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे गावात बहुतेकांस ठाऊक नसते. कित्येकांस ठाऊक असते आणि तरीही ते बार काढतात. लोणारच्या सरोवराभोवतीचे रान तर २००० सालापासून अभयारण्य आहे. त्याच्या आसपास बंदूक खांद्यावर टाकून हिंडणाऱ्याला कुणी कीर्तनाला निघालेला समजणार नाही.

पण कायद्याने मना केले म्हणून माळकरी थांबला, तर त्यात माळेचे काय राहिले? पोलिस नसलेल्या रात्री त्याने काय करावे, हा आपला प्रश्न आहे.

आपल्यात पुष्कळ जण असा प्रश्न निघाला की लगेच सजन कसायाचे नाव घेतात. म्हणतात, शाळिग्रामाने मांस तोलणाऱ्यासही देवाने जवळ केले, मग आमच्या एका सशाने काय बिघडते? महाभारतातला धर्मव्याधही असाच पुढे केला जातो. हे उदाहरण देणाऱ्यांनी कथा नीट वाचलेली नसते. मिथिलेचा तो व्याध कौशिक ब्राह्मणास स्पष्ट सांगतो की मी स्वतः जीव मारीत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो, आणि स्वतः मांस खातही नाही. वाडवडिलांचा धंदा वाट्यास आला, त्याची खंत त्याच्या बोलण्यात आहे. आपल्या पोराच्या वाट्यास धंदा आला आहे तो नांगराचा. त्याने सशाची शिकार करून धर्मव्याधाकडे बोट दाखवणे म्हणजे दुसऱ्याच्या उपासावर आपले पारणे सोडणे झाले.

हीच गोष्ट पारध्यांची. वऱ्हाडात फासेपारधी फास लावून तित्तर, लावे, ससे धरीत, त्यावर पोट भरीत. १८७१ च्या कायद्याने ज्या समाजांच्या कपाळी जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला त्यांत पारधी होते; तो कायदा १९५२ साली उठला, लोकांच्या मनातला शिक्का अजून पुरता उठलेला नाही. भुकेने फास लावणाऱ्याला आपण चोर म्हणायचे आणि पोट भरलेल्या घरच्या पोराने हौसेने बार काढला तर त्याला शिकारी म्हणायचे! पाप मोजण्याची ही तागडी कोणत्या बाजारातली, हे मला अजून उमगलेले नाही.

आता कोणी म्हणेल, नांगर चालवताना किडे मरतात, मग शेतकरी अहिंसक कसा? खरे आहे. हिंसेवाचून शेती नाही. आपल्या संतांनी शेतकऱ्याला नांगर टाकून बसायला कधी सांगितले नाही. परंतु नांगराखाली किडा मरतो तेव्हा नांगरणाऱ्याचे मन मातीवर असते, किड्यावर नसते. ससा टिपताना मन सशावरच असते. तो मेला नाही तर वाईट वाटते, पडला तर आनंद होतो. भेद मरणाऱ्याच्या जिवात नाही, मारणाऱ्याच्या आनंदात आहे. पिकासाठी मारणाऱ्याला दुसरा उपाय सापडला तर तो सुटल्यासारखा होतो. हौसेने मारणाऱ्याला दुसरा उपाय नकोच असतो. पोराने स्वतःच तपासून पाहावे: कुंपण पक्के झाले आणि वावरात काहीच शिरले नाही, तर त्या रात्री त्याला बरे वाटेल की चुकल्यासारखे वाटेल?

शिवाय तित्तराने पिकाचे असे काय वाकडे केले? चार दाणे खातो, पण वाळवी आणि किडेही खातो. आणि जे छर्रे तित्तरासाठी भरायचे ते डुकराला फक्त जखमी करतात. जखमी डुक्कर झुडपात दबा धरते आणि सकाळी निंदायला आलेल्या बाईवर येते. म्हणजे स्वस्तातल्या बंदुकीने जे मरते ते पिकाचे मोठे वैरी नव्हे, आणि जे वैरी आहे ते मरत नाही. राखणीच्या नावावर आणलेली बंदूक सशाकडे वळते ती यामुळेच.

आणखी एक गोष्ट. दशरथाने शब्दवेधी बाण कसा सोडला, हे आपण कीर्तनात किती वेळा ऐकले! घडा भरल्याचा आवाज झाला, राजाला वाटले हत्ती पाणी पितो, आणि श्रवण पडला. राजा मोठा धनुर्धर होता, नेम चुकला नव्हता. चुकले ते न पाहता सोडणे. रात्री तुरीत खसखस झाली की चाप दाबणाऱ्या राखणदाराची हीच गत. तुरीत शेजारचा माणूस बैल शोधत आलेला असतो, नाहीतर पाणी धरायला गेलेला असतो. बार एकच आहे म्हणून धोका कमी, असे समजू नये. श्रवणालाही बाण एकच लागला होता.

इथवर वाचून काही माळकरी सुखावले असतील की आपल्या घरी बंदूक नाही, आपण सुटलो. त्यांच्यासाठीच पुढचे लिहिणे भाग आहे. बंदूक नसलेले कित्येक जण रात्री कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. कुणी कणकेच्या गोळ्यात स्फोटक भरून डुकरासाठी ठेवतात. कुणी विष पेरतात. कुणी दुसऱ्याला पैसे देऊन ‘बंदोबस्त कर’ म्हणून सांगतात आणि स्वतः हरिपाठाला बसतात. बंदूकवाल्याला निदान समोर पाहावे लागते, चाप आपल्या बोटाने दाबावा लागतो. तारेला डोळे नाहीत. तिला डुक्कर, बैल, वाघ, गुराख्याचे पोर सगळे सारखे. विदर्भात अशा तारेने माणसेही मेली आहेत आणि वाघही. बटण दाबून पांघरूण घेणारा माणूस ‘मी कुणाला मारले नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या गळ्यातली माळ त्याची साक्ष देईल काय? माझ्या मते ठासणीच्या बंदुकीपेक्षा ही तार शतपट वाईट, आणि दिंडीत याविषयी मोकळेपणी बोलले पाहिजे. बोलत नाही, कारण तार पुष्कळांची आहे.

मग राखण कशी करावी? तुकोबांची गोष्ट सांगतात की राखणीला बसवले असता त्यांनी पाखरांना हाकललेच नाही. ती गोष्ट ऐकायला गोड. पण ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे त्याला ती जशीच्या तशी सांगणे बरे नव्हे. शेतकऱ्याला पीक राखण्याचा हक्क आहे, आणि त्याच्या मुलांचे पोट हाही जीवच आहे. म्हणून उपाय पाहावे लागतात. पूर्वी माळ्यावर बसून जागल करीत, गोफण असे, डबे वाजत. आता सौर झटक्याचे कुंपण मिळते. त्यात क्षणभराचा झटका बसतो, जीव जात नाही. मात्र ते नीट, जाणत्याकडून बसवलेले असावे, आणि त्याच्या नावाखाली घरची वीज सोडू नये. शेजारच्या चार वावरांनी मिळून कुंपण केले तर खर्च वाटला जातो. एकट्याने केले तर रोही फक्त शेजाऱ्याकडे वळतो. नुकसानीची भरपाई मागता येते. ती उशिरा मिळते, अपुरी मिळते, ही तक्रार रास्त आहे, पण अर्जच न करणाऱ्याने ती करू नये.

आणि वारीचे? गावातून दिंडी निघते तेव्हा मागे राहणाऱ्यांनी पाळीपाळीने वारीला गेलेल्यांच्या वावराची जागल करावी. चार जण, एक कंदील, टाळ-मृदंग. भजनाच्या आवाजानेही रोही बिचकतो. ज्याला पंढरीला जाता येत नाही त्याची ही वारीच समजावी.

एवढे करूनही ज्याला बंदूक घ्यावीच लागेल त्याच्यासाठी सांगतो. परवाना राखणारा शहाणा, वयाने मोठा असावा. घरात दारू आणि टोप्या बंदुकीपासून वेगळ्या, कुलपात असाव्यात. गांजणारा, पिणारा, रागीट माणूस घरात असेल तर बंदूक आणूच नये. आणि नळीत छर्रे भरू नयेत. नुसती दारू आणि बोळा ठासून, नळी आभाळाकडे धरून काढलेला बार कोसभर घुमतो. डुकरांचा कळप त्याने उधळतो, रोही पळतात. काही दिवसांनी ती सरावतात हे खरे, तेव्हा जागा आणि वेळ बदलावी. मात्र पेटलेला बोळा वाऱ्याने कडब्याच्या गंजीवर जाऊन पडतो, म्हणून गंजीकडे पाठ करून उभे राहावे आणि जवळ पाण्याची घागर ठेवावी.