निरोप पोहोचेपर्यंत

दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून ‘टॉप’ ही आज्ञा दिली की काळ्या पडद्यावर प्रक्रियांची यादी उलगडते, आणि इतकी वर्षे ती पाहूनही मला दर वेळी नवल वाटते, की त्या शेकडो प्रक्रियांपैकी जाग्या असतात दोन-चार. बाकी साऱ्या निद्रिस्त. कुणी नेटवर्कवरून येणाऱ्या हाकेच्या प्रतीक्षेत, कुणी डिस्कवरून येणाऱ्या अक्षरांच्या, तर कुणी केवळ ठरलेला क्षण उजाडण्याच्या. सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय, आणि येडशीला असतो तेव्हा तो मी इथूनच करतो. बालाघाटाच्या या पठारावर मृगाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला कुणी आळशी म्हणत नाही. कर्माचा फार मोठा भाग प्रतीक्षेचाच असतो, हे यंत्राने मला उशिरा सांगितले. गावाला ते आधीच ठाऊक होते.

या यादीला वंशावळही आहे. आपण चालवतो त्यांतली कोणतीही प्रक्रिया स्वयंभू नसते. एक प्रक्रिया स्वतःची हुबेहूब प्रत काढते आणि ती प्रत पुढे आपले निराळे काम अंगीकारते. बेल लॅब्जमध्ये १९६९पासून केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सची ही रीत १९९१ साली अवतरलेल्या लिनक्सने पुढे चालवली. मागे मागे जात राहिलो तर आपण क्रमांक एकच्या प्रक्रियेपाशी पोहोचतो. अलीकडे त्या आसनावर बहुधा ‘सिस्टमडी’ असते. लेनर्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१०मध्ये ते पुढे आणले, तेव्हापासून त्यावर वाद आहेत. घरातल्या कर्त्याने कोठीच्या किल्ल्यांपासून कुळाच्या दप्तरापर्यंत सारे आपल्याच कनवटीला बांधावे का, असा त्या वादाचा आशय. मला टीकाकारांचे म्हणणे पटते आणि रोजच्या कामाला मी सिस्टमडीच वापरतो. अशी विसंगती माणसाला शोभते, असे मी स्वतःला समजावतो.

माझे मन मात्र आरंभापेक्षा अंताशी अधिक रेंगाळते. प्रक्रिया थांबवायची असेल तर तिला संकेत धाडतात. ‘किल’ या आज्ञेला क्रमांक दिला नाही, तर जातो तो पंधरावा संकेत: आता आवरते घे. तो ऐकून प्रक्रिया अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण करते, उघडलेली दारे मिटते आणि मग जाते; तिने मनावर घेतले नाही तर राहतेही. नववा संकेत तिच्या कानापर्यंत पोहोचतच नाही, यंत्रणेचा गाभा असलेला कर्नल तिला परस्पर संपवतो. नवशिक्यांना हा नऊ फार प्रिय, कारण त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ म्हटल्यावर यंत्र आधी पंधरा धाडते, सहसा दीड मिनिट वाट पाहते आणि मगच नऊकडे वळते. जाणाऱ्याला आवरायला दीड मिनिट द्यावे, हे कुणीतरी विचारपूर्वक लिहून ठेवले आहे. माणसांच्या कितीतरी कचेऱ्यांत निरोपाची एवढीही तरतूद नसते.

आणि पहिला संकेत तर तार तुटल्याचा. टर्मिनल टेलिफोनच्या तारेने यंत्राला जोडलेली असत त्या काळातला तो, अजून जिवंत आहे. पावसाळी वाऱ्यात येडशीची जोडणी तुटते, तेव्हा त्या टर्मिनलवर मी सुरू केलेल्या प्रक्रियांना तो गाठतो आणि त्या माझ्यामागे निघून येतात. म्हणून ‘टीमक्स’च्या आश्रयावाचून मी लांबचे काम हाती घेत नाही. पण पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांना टर्मिनलच नसते. ज्यांची तारच नाही त्यांना ती तुटल्याचा निरोप काय कामाचा? तेव्हा त्यांतल्या अनेकींनी त्या संकेताला दुसरा अर्थ दिला: आपली नियमावली पुन्हा वाच. एकाला जो आघात तोच दुसऱ्याला स्वाध्यायाचे निमंत्रण, हे मी संतचरित्रांत वाचले होते. आज्ञावलीत भेटेल असे वाटले नव्हते.

संपलेली प्रक्रियाही लगेच नाहीशी होत नाही. तिची स्मृती परत घेतली जाते, फाइली मिटतात, उरते कोष्टकातली एक ओळ: तिचा क्रमांक आणि जाताना मागे ठेवलेला शून्य ते २५५ मधला एक अंक, काम निभावले की फसले हे सांगणारा. जनक प्रक्रिया तो अंक विचारून घेत नाही तोवर ती ओळ तशीच राहते. नववा संकेतही तिथे हतबल, कारण मेलेल्याला मारता येत नाही.

येडशीजवळच्या दरीत रामलिंगाचे मंदिर आहे. भोवती अभयारण्याची झाडी, फांद्यांवर माकडांचे राज्य आणि श्रावणात भाविकांची रीघ. रावणाला जटायूने अडवले ते इथेच, अशी या मुलखाची श्रद्धा. इगतपुरीकडचे टाकेदही तेच सांगते आणि आंध्रातले लेपाक्षीही. जखमी पाखराला किती ठिकाणी पडावे लागले याचे मला कधीकधी हसू येते. वाल्मीकींच्या अरण्यकांडात पंख छाटलेला जटायू राम येईपर्यंत प्राण धरून राहतो, सीतेला दक्षिणेकडे नेल्याचे सांगतो, नेणारा कुणाचा पुत्र, कुणाचा भाऊ हेही सांगू लागतो आणि बोलता बोलताच निमतो. राम त्याला पित्याचा सखा मानून अग्नी देतो. ही कथा आठवली की कोष्टकातल्या त्या ओळीकडे मी निराळ्या नजरेने पाहतो. जनकच आधी गेला, तर पोरक्या प्रक्रिया साधारणपणे क्रमांक एकच्या पदरात पडतात, आणि त्यांचा शेवटचा अंक ऐकून घेणे हे तिच्या आद्य कर्तव्यांपैकी एक. जुन्या यंत्रांत प्रक्रियांना द्यायचे क्रमांक ३२,७६८च्या आत संपत. जनक ऐकेनासा झाला की अशा ओळी साचत जातात आणि शेवटी नवी प्रक्रिया जन्मूच शकत नाही. न ऐकलेल्या मरणांनी नव्या जन्मांची वाट अडते. मराठवाड्यात बसून हे वाक्य लिहिताना हात थांबतो. तरी ते तसेच ठेवतो.

सौजन्याचाही इथे अंक आहे, उणे वीस ते एकोणीस. अंक जितका मोठा तितका प्रोसेसरवरचा आपला हक्क मागे. सामान्य वापरकर्त्याला तो स्वतःहून वाढवता येतो, एकदा वाढवला की सहसा परत घेता येत नाही. तो अधिकार सर्वाधिकारी ‘रूट’चा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ आला, २०२४मध्ये ‘अर्क’. लिनक्सच्याच घराण्यातल्या अशा महासंगणकांवर आमच्या पावसाचे गणित रांगेत उभे राहते, आणि कुणाचा हक्क आधी, हा प्रश्न तिथेही कुणाला तरी सोडवावाच लागतो.

काही सेवांच्या नियमावलीत लिहिलेले असते, की कोसळलीस तर लगेच पुन्हा उभी राहा. हा हट्टही अमर्याद नाही: नेहमीच्या मांडणीत दहा सेकंदांत पाच वेळा उभे करून पाहिले की सिस्टमडी सेवेपुढे ‘फेल्ड’ लिहून बाजूला होते. मग माणसाची पाळी. अशा वेळी सहकारी फोनवर सांगत असतात, रीस्टार्ट करा, रीस्टार्ट करा. मी आधी नोंदी दाखवणारे ‘जर्नलसीटीएल’ उघडतो आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचत जातो, कारण सेवा नेमकी कशाने गेली ते शेवटच्या ओळीत क्वचितच असते. ते बहुधा दहा-बारा ओळी वर, एखाद्या साध्या दिसणाऱ्या सूचनेत सापडते.