तीन स्वर आधी, चार नंतर

गिटारच्या पुस्तकांत मोड बहुधा एकाच हिशेबाने समजावलेले असतात. सी मेजर स्केलचे सात स्वर घ्या. तेच एफपासून वाजवले की लिडियन, जीपासून वाजवले की मिक्सोलिडियन. हिशेब बरोबर आहे, पण सराव म्हणून तो फसवा आहे. खाली सी घुमत असताना जीपासून जीपर्यंत कितीही वर-खाली केले, तरी कानाला सी मेजरच ऐकू येतो. बोटांनी फक्त पंचमापासून आरंभ केलेला असतो. मोड ठरतो तो कान कोणत्या स्वराला षड्ज मानतो त्यावर. आणि एकट्या गिटारवर हा षड्ज पक्का बसवायला मेजर ट्रायडइतके भरवशाचे साधन नाही. म्हणूनच ट्रायडचा धडा वेगळा आणि मोडचा वेगळा, ही विभागणी मला चुकीची वाटते. मोड ट्रायडमधूनच वाढवावेत.

आपल्या सरगमने पाहिले तर हे पटकन लक्षात येते. आयोनियन (म्हणजे मेजर स्केलच), लिडियन आणि मिक्सोलिडियन या तिन्ही मोडांत सा, ग, प, म्हणजेच मेजर ट्रायडचे तीन स्वर, तेच. भातखंड्यांच्या वर्गीकरणात त्यांचे सप्तक अनुक्रमे बिलावल, कल्याण आणि खमाज या थाटांचे. (राग म्हणजे काही नुसता थाट नव्हे, पण इथे प्रश्न सप्तकापुरता आहे.) लिडियनमध्ये मध्यम तीव्र होतो, मिक्सोलिडियनमध्ये निषाद कोमल होतो, बाकी सगळे जागच्या जागी. ए हा षड्ज धरून पाचवी तार सुटी वाजू द्यावी आणि वरच्या तीन तारांवर ए मेजर धरावा: जी तारेवर सहावा फ्रेट, बी आणि वरच्या ई तारेवर पाचवा. आता जी तारेवर गंधाराच्या पुढच्याच फ्रेटवर शुद्ध मध्यम आहे, बी तारेवर पंचमाच्या एक फ्रेट मागे तीव्र मध्यम. वरच्या ई तारेवर षड्जाच्या एक फ्रेट मागे शुद्ध निषाद, दोन फ्रेट मागे कोमल. हात न हलवता तिन्ही मोडांमधला फरक बोटांखाली येतो, आणि तो कुठल्या आधारावर उभा आहे हेही सतत ऐकू येत राहते. मात्र एकाच आकारावर थांबून चालत नाही. जी आणि बी या तारांमधले अंतर इतर शेजारी तारांपेक्षा अर्ध्या स्वराने कमी असल्यामुळे हाच ट्रायड दुसऱ्या तारांवर नेला की आकार बदलू शकतो. आकार बदलला तरी गंधार कुठे आहे हे ज्याला कळते, त्यालाच ट्रायड आला असे म्हणावे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. मोड ट्रायडपेक्षा जुने आहेत. चर्चमधल्या एकस्वरी गायनात ते नांदत होते, आणि संगीतशास्त्रज्ञ ग्लारेआनुसने 1547 मध्ये आयोनियनला बारा मोडांत स्थान दिले तेही प्रामुख्याने सुरावटींचा विचार करूनच. विसाव्या शतकातल्या मोडल जॅझनेही ट्रायडचा जाच टाळण्यासाठी चौथ्या-चौथ्या स्वरांचे कॉर्ड जवळ केले. हे खरे आहे. पण मोड ट्रायडवाचून जगू शकतात यावरून ते ट्रायडवाचून शिकणे सोपे ठरत नाही. चर्चच्या गायकाला किंवा तंबोऱ्यासमोर बसलेल्या शिष्याला जो आधार परंपरेतून मिळतो, तो एकट्या गिटारवाल्याला स्वतः उभारावा लागतो. शिवाय माइल्स डेव्हिसच्या 1959 मधल्या ‘सो व्हॉट’मध्ये बिल एव्हान्सचा जो प्रसिद्ध कॉर्ड आहे, त्याचे स्वर ई, ए, डी, जी, बी, म्हणजे गिटारच्या खालच्या पाच सुट्या ताराच. त्यातले वरचे तीन जी मेजर ट्रायडचे आहेत.

दुसरा आक्षेप स्वरशुद्धतेचा, आणि तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला तो टोचणारच. फ्रेटवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटने चढा असतो. हा दोष गिटारच्या बांधणीतलाच आहे, तो लपवू नये. पण मध्यमाच्या किंवा निषादाच्या दोन रूपांत 100 सेंटचे अंतर आहे. 14 सेंटने मोडची ओळख पुसली जात नाही. उलट हा फरक ऐकणे सरावाचाच भाग करता येतो. सुट्या ए तारेला चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे हलकेच स्पर्श करून छेडले की तारेचा स्वयंभू गंधार उमटतो. मग तोच स्वर वरच्या ई तारेच्या नवव्या फ्रेटवर दाबून वाजवावा, आणि दोन्ही एकत्र वाजताना येणारी थरथर नीट ऐकून मगच मध्यमाकडे वळावे.